डाव्या पायाचं पॅड

छातीवर जाड गार्ड चढवलं की गोलकीपरला वाकणं जिवावर येतं. म्हणून दौंडच्या मिशन कंपाउंडमागच्या रस्त्यावर हॉकी खेळणाऱ्या पोरींची एक रीत होती. कीपरची पॅडं मैत्रिणीनं बांधायची, आणि तिनं बांधलेलं पुन्हा तपासायचं नाही. तपासलं की ती फुगून बसायची, आणि का बसू नये? ब्लेसीची पॅडं गेली सहा वर्षं इवाच बांधत होती.

शनिवारी सामना शिरूरला होता, शाळेमागच्या डांबरी रस्त्यावर. अठरा वर्षांखालच्या जिल्हा संघात एकच कीपर घ्यायची होती. ब्लेसी, नाहीतर समोरच्या संघातली अनुपमा. अनुपमा इवाच्या सख्ख्या मामाची मुलगी. ब्लेसीला पुढच्या महिन्यात अठरा पूर्ण होणार होती, त्यामुळे तिला ही शेवटचीच संधी.

इवानं खाली बसून बकलं लावली, पॅडवर थाप मारली. "जा, एक पण सोडू नगं."

डावं जरा सैल वाटलं. पण इवानं बांधलंय म्हटल्यावर ब्लेसीनं तो विचारच झटकून टाकला.

तिनं सात फटके अडवले. सामना संपायला दोन मिनिटं उरली असताना एक सरपटता बॉल आला, शेंबड्या पोरानंही अडवावा असला. तिनं डावा पाय आडवा टाकला आणि पॅड गर्रकन पोटरीकडं फिरलं. बॉल उघड्या नडगीवर आदळून गोलात गेला. निवडीला आलेल्या पुण्याच्या मॅडमनी अनुपमाचं नाव वाचलं.

ब्लेसी कठड्यावर बसली. नडगी टम्म सुजली होती. पॅड काढायला हात घातला, तर उजव्याचा पट्टा नेहमीच्या तिसऱ्या भोकात आणि डाव्याचा पार शेवटच्या, सगळ्यात ढिल्या. पायाच्या दुखण्याचं तिला काहीच वाटेना. जिच्यापुढं सहा वर्षं डोळे मिटून पाय पुढं केला, तिनंच गळा कापला होता.

"इवा, हे तू मुद्दाम केलंस?"

इवा रडायलाच लागली. "मामा चार दिस मागं लागले हुते गं. आन् मला वाटलं, तुला ढिलं लागंल, तू बघशील. तू बघितलंच न्हाईस!"

म्हणजे चूक ब्लेसीचीच!

"तू बांधलं हुतंस," ब्लेसी म्हणाली. "मग कशाला बघू?"