रेघेबाहेरचा डाग

रंगारी जन्मभर रस्त्यांवर पांढरे पट्टे मारत आला. रेघेबाहेर एक थेंब सांडला तरी त्याचा दिवस वाया जायचा. बायको म्हणायची, "हे झोपतातही पलंगाच्या कडेला समांतर!"

त्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी आईने डब्याच्या झाकणावर शाईने लिहिलं होतं, 'सावलीत बसून जेव'. त्याच वर्षी ती गेली. शाई उडायला लागली, तसं त्याने ते अक्षर जसंच्या तसं हातावर गोंदवून घेतलं. टॅटू काढणारीने बजावलं, "उन्हाने विटेल हं. सनस्क्रीन लावत जा." रंगाऱ्याने इमानेइतबारे लावलं, पण बारीक ब्रशने, फक्त अक्षरांवर. रेघेबाहेर ठिपका नाही. भोवतालची कातडी उन्हात भाजत राहिली.

आता 'सावलीत'ला खेटून एक काळा डाग आला होता, वेड्यावाकड्या कडांचा. कातडीच्या डॉक्टरीणबाई भिंगातून बराच वेळ बघत होत्या. बायकोच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"मला हा बरा वाटत नाही," बाई म्हणाल्या. "आजच काढून तपासायला पाठवू." त्यांनी पेनाने डागाभोवती रेघ आखली. रेघ शब्दाच्या मधोमध गेली.

रंगाऱ्याने हात मागे ओढला. "अक्षराला धक्का लागणार असेल तर राहू द्या."

"हे वाढलं तर हातावर थांबणार नाही. जिवावर बेतू शकतं."

तो उठलाच. बायको दार अडवून उभी राहिली.

"बसा."

"आईची तेवढीच आठवण आहे गं."

"मग वाचा की ती. मोठ्याने वाचा."

"सावलीत बसून..."

"अक्षरांना क्रीम चोपडत बसलात. त्यांनी सांगितलेलं एक दिवस तरी ऐकलंत? भर उन्हात, ओल्या पट्ट्यावर नजर ठेवून, उभ्याउभ्या डबा संपवत आलात. उद्या तुम्हाला काही झालं तर मी काय झाकण वाचत बसू?" ती ओरडत होती आणि रडतही होती.

त्याला भीती वाटली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, आणि ती अक्षरासाठी नव्हती.

तो परत येऊन बसला. हात टेबलावर ठेवला. आखलेली रेघ त्याने नीट न्याहाळली, आयुष्यभर न्याहाळली तशी.

"बाई," तो म्हणाला, "रेघ जरा बाहेरून घ्या. कडेला काही राहायला नको."