ग्रीनची चाळीस कार्डं

"एकेचाळिसावं," असं म्हणत बाईंनी पिशवीतून एक कार्ड काढलं आणि मोतीरावांच्या टेबलावर ठेवलं. "ग्रीनमध्ये घाला. राहून गेलं होतं."

मोतीरावांनी आधी कार्डाकडे पाहिलं, मग दाराकडे. निवृत्त होऊन चार वर्षं झालेल्या बाई दोन जिने चढून इथवर येतील, हे त्यांच्या कुठल्याच हिशेबात नव्हतं.

मोतीराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. अक्षर मोत्यासारखं, म्हणून कोश कार्यालयाने ठेवलेलं. लोक कुत्र्यालाही मोतीच म्हणतात हे त्यांना ठाऊक होतं. पण बावीस वर्षांत कार्यालयाकडून मिळालेलं ते एकमेव पदक, म्हणून त्यांनी मुकाट्याने गळ्यात घातलं होतं. इथे इंग्रजी शब्दांचा कोश तयार होत होता. कुणी एखाद्या शब्दाचा वापर शोधून आणी, कार्डावर लिही आणि खालच्या कोपऱ्यात आपली दोन आद्याक्षरं टाकी. ती कार्डं सुवाच्य उतरवून काढणं हे मोतीरावांचं काम. स्वतः शोधलेला वापर त्यांच्या खात्यावर एकही नव्हता.

"काय मिळालं बाई?" शिपायाने चहा ठेवत विचारलं.

"ग्रीन म्हातारपण. म्हणजे वय झालं तरी ताठ, टवटवीत."

"आपल्यात हिरवट म्हातारा म्हटलं तर बायका रस्ता बदलतात."

"म्हणून तर अर्थ लिहून ठेवायचा. नाहीतर कोश वाचून एखादा आजोबा मार खायचा."

आजूबाजूची टेबलं हसली. मोतीराव सगळ्यांच्या नंतर हसले आणि सगळ्यांच्या नंतर थांबले.

ग्रीन हा शब्द बाईंनी अकरा वर्षं सांभाळला होता. हिरवा रंग, एवढ्यावर भागवणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. कच्चं फळ ग्रीन, कालपरवा लागलेला नवखा कारकून ग्रीन, समुद्रात बोट लागून उतरलेला चेहरा ग्रीन. दुसऱ्याचं बरं बघून जळणारा ग्रीन, गावामधलं मोकळं कुरण ग्रीन, पुढे जायची मुभा ग्रीन. न वाळलेलं लाकूड ग्रीन आणि न भाजलेली वीटसुद्धा ग्रीन. अशी चाळीस कार्डं, सगळी पेन्सिलीने, मुंग्यांची रांग कुणी विस्कटावी तशा अक्षरात. जाताना बुटांच्या खोक्यात घालून ती त्यांनी मोतीरावांना दिली होती. "तुमच्या हातानं उतरवा. निदान मला वाचता येतील."

मोतीरावांनी उतरवली. कोपरा तेवढा मागाहून भरू म्हणून सोडला. पहिल्या कार्डाचा सोडला तेव्हा मनात खरोखरच काही नव्हतं. विसाव्यापर्यंत थोडं आलं होतं. चाळिसावं संपलं तेव्हा समोर चाळीस कोरे कोपरे होते आणि हातात उघडं पेन. त्यांत स्वतःची आद्याक्षरं टाकायला दहा मिनिटंही लागली नाहीत. इथे जो तो आपल्या शब्दात मान घालून बसलेला. ग्रीन कुणी गोळा केला याचा पुरावा काय तो कोपऱ्यातच. जुनी कार्डं त्यांनी सुतळीने बांधून खालच्या खणात टाकली. फाडायला जी छाती लागते, तीही त्यांच्याजवळ नव्हती.

"अरे वा, बाई. बरोबर दिवशी आलात." संपादक एक पान हलवत खोलीतून बाहेर आले. ते बाई गेल्यानंतर नेमलेले. एकदोन समारंभांत भेटले होते तेवढेच. "नमुना पान चार वाजता छापखान्यात चाललंय. ग्रीनच घेतला. बघा, मोतीरावांनी काय शब्द केलाय. आणि मला सगळे सांगत होते, हे नुसते लेखनिक."

बाईंनी चष्मा लावला. पान वरपासून वाचत त्या तळाला आल्या. तिथे 'संकलन' आणि त्यापुढे मोतीरावांचं पूर्ण नाव होतं.

"चांगलं झालंय," त्या म्हणाल्या. मग मोतीरावांना, अगदी सहज, "ते ओल्या लाकडाचं वाक्य कुठं मिळालं तुम्हाला?"

"वखारीत," मोतीराव म्हणाले.

"धूळ फार असते ना तिथं? मी गेले होते एकदा, आठवडाभर खोकत होते."

"हो. असते."

"जपायचं."

"आणि हे कार्ड?" संपादकांनी विचारलं.

"यांच्या शब्दात घालायला आणलं. खोडरबर आहे का हो?"

मोतीरावांनीच दिलं. बाईंनी नव्या कार्डाचा कोपरा हलक्या हाताने खोडला, वर फुंकर मारली, कार्ड पुन्हा टेबलावर ठेवलं आणि "येते हं" म्हणून निघाल्या. बाकी कुणाच्या काही लक्षात आलं नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं मोतीरावांना वाटलं. शिव्या खाणाऱ्याला निदान रागावता तरी येतं.

जिन्यावरची पावलं ऐकू येईनाशी झाली. मोतीरावांनी खालचा खण उघडला, गठ्ठा घेतला आणि ते संपादकांच्या खोलीत गेले.

"सर, तो शब्द माझा नाही."

"असं म्हणतो तोच खरा कोशकार," संपादक खूश होऊन म्हणाले. "केवढा हा विनय."

इथून सुटता येत होतं, तेही शाबासकी घेऊन. मोतीराव क्षणभर तिथे रेंगाळले, हेही नोंदवलं पाहिजे.

"विनय नाही, सर. चोरी आहे." त्यांनी सुतळी सोडली.

संपादकांनी चार कार्डं पाहिली. पाचवं उचललं नाही.

"का हो?"

"नाव छापून यावं असं वाटलं. एकदा तरी."

संपादकांनी नमुना पान त्यांच्याकडे सरकवलं. "तळची ओळ बदला. चारच्या आत. आणि बाहेर सगळ्यांना तुम्ही सांगायचं, मी नाही."

"सांगतो."

मोतीरावांनी आपल्या नावावर सरळ रेघ ओढली. वर लिहायला पेन टेकवलं आणि हात अडला. अठरा वर्षं ही बाई शेजारच्या टेबलाशी बसली होती. हाक मारायची ती 'बाई'. त्यांची दोन आद्याक्षरं मोतीरावांना झोपेतही काढता आली असती. ती कशाची, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. जुनी हजेरीपुस्तकं तळघरात होती. बाई मात्र अजून बसथांब्यावर असतील.

त्या होत्या. बाकावर बसून गुडघा चोळत होत्या. मोतीराव धापा टाकत समोर उभे राहिले. माफीची वाक्यं जुळवली होती, ती जिन्यातच सांडली.

"सरांना सांगितलं मी. सगळं."

बाईंनी गुडघ्यावरचा हात काढला.

"तुमचं पूर्ण नाव हवंय. पानावर घालायला."

"पूर्ण?" बाईंनी वर पाहिलं. "वडिलांचं लावून की नवऱ्याचं?"

"तुम्ही म्हणाल तसं."

बाई विचारात पडल्या. हे त्यांना आजवर कुणी विचारलं नसावं. तेवढ्यात त्यांची बस आली, दार उघडून थांबली. "यायचंय ना आजी?" कंडक्टरने विचारलं. बाईंनी हातानेच त्याला जायला सांगितलं.

बस गेली. मोतीराव पेन उघडून उभेच होते. बाकावर जागा होती, पण त्यांना कुणी बसा म्हटलं नव्हतं.