पहिल्या मुलाचा पाळणा

मी एक रिकामा पाळणा. माझ्याविषयी खोटं लिहिलं गेलं, म्हणून तोंड उघडतोय.

स्कॉटलंडहून कॅनडातल्या हॅलिफॅक्सला आलेल्या मर्डो मॅकास्किल या व्यापाऱ्याने मला सुताराकडून करून घेतलं. तेव्हा इथे इंग्रजांचं राज्य होतं. मर्डो खारे मासे आणि कातडी विकायचा. त्याच्या घरात बायको म्हणून नांदत होती मालियान, इथल्या मूळच्या मिकमॉ लोकांतली. साळिंदराचे काटे रंगवून माझ्या बाजूंवरची नक्षी तिनेच केली. मुलगा झाला. पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, हा स्कॉटिश रिवाज. नाव ठेवलं यूअन.

तो बसायला लागला तेवढ्यात मर्डोने स्कॉटलंडहून लग्नाची बायको आणली. मालियान मुलाला पाठीशी बांधून मागच्या दाराने गेली. मग माझ्यात विल्यम झोपला, त्याच्यामागून त्याचे तीन भाऊ. पुढे माळा आणि धूळ.

२००८ साली मर्डोचे वंशज डंकनसाहेब यांनी मला इथल्या संग्रहालयाला दिलं. फलक तयार झाला: 'थोरला मुलगा विल्यम याच्यासाठी केलेला पाळणा.'

तिथे काम करायला येणाऱ्या निवृत्त डॉक्टर चित्राताई भिंतीवरची वंशावळ बघत होत्या.

"चार मुलगे, आणि यूअन आजोबांचं नाव एकालाही नाही?" त्यांनी विचारलं.

"आधी एखादा यूअन दगावला असेल," डंकनसाहेब म्हणाले.

"दगावला असता तर पुढच्याला तेच नाव ठेवलं असतं. तुमच्यात तसंच करतात ना? म्हणजे तो जिवंत होता, तरी या वंशावळीत नाही. त्याची आई कोण?"

साहेब लाल झाले. "असलं काही लिहिलंत तर पाळणा परत नेईन!"

"चित्रा, कशाला पंगा घेतेस?" त्यांचे यजमान दीनानाथ कुजबुजले. "आपण साधे व्हॉलंटिअर."

"व्हॉलंटिअर आहे, होयबा नाही."

शेवटी फलकावर छापलं: 'मॅकास्किल कुटुंबाचा पाळणा.' खोटं काढलं, खरं घातलं नाही. याला म्हणे तडजोड! बाईला घराबाहेर काढणारा कुटुंबप्रमुख, आणि जिने मला सजवलं तिला फलकावर जागा नाही.

माझ्यावर काच बसवायची होती. त्याआधी चित्राताई वाकल्या आणि माझ्या रिकाम्या उशीपाशी हळूच म्हणाल्या, "कुर्रर्र... यूअन."

"आत्याबाई झालीस की!" दीनानाथ हसले.

"कुणीतरी व्हायला नको?"

मग काच बसली. तुम्ही आलात तर फलक वाचत बसू नका. वाकून तेवढं नाव घ्या. काचेतून मला ऐकू येतं.