खालून बघणारा

“भावजी, तुम्ही ओरडलात तेव्हा ह्यांनी वळून तरी पाहिलं का?”

लू बाओशेंगची बायको शिऊहे चहात आलं ठेचून घालता घालता विचारत होती. बाओशेंगला जाऊन एकोणपन्नास दिवस झाले होते, आज त्याचा शेवटचा विधी होता. पाहुणे पांगले होते, मी तेवढा उरलो होतो.

विजेच्या चालू तारांवर काम करणाऱ्या आमच्या टोळीत मी खालचा माणूस. लाल जाकीट घालायचं, वर चढलेल्याकडे बघत राहायचं आणि दुसऱ्या कशालाही हात लावायचा नाही. पोरं चिडवायची, “दुआनदाला आभाळ बघायचा पगार.” बाओशेंगकडे मी अठरा वर्षं बघितलं. तेवढं तर त्याच्या बायकोनेही बघितलं नसेल.

त्या दिवशी तो वरून म्हणाला, “दुआनदा, दोर गाडीच्या चाकाला अडकलाय, सोडव की जरा.” मी वाकलो. तेवढ्यात त्याचा खांदा खांबाच्या लोखंडाला टेकला आणि तार मानेला लागली. “खांदा!” एवढंच मला ओरडायचं होतं. त्या एका शब्दासाठीच तर मला नेमलं होतं.

चौकशीत मी लिहून दिलं की नजर हलली नाही, मी ओरडलो, त्याने ऐकलं नाही. माझ्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. मेलेल्याला काय फरक पडतो, असं तेव्हा वाटलं.

“तुमचा आवाज ह्यांना बाजारातसुद्धा ओळखू यायचा,” शिऊहे म्हणाली. “मग ऐकलं कसं नाही? सकाळी भांडले होते मी. म्हटलं, घरी नाही आलात तरी चालेल. तेच डोक्यात घेऊन वर गेले असतील. मीच मारलं ह्यांना.”

इतका नीच मी कधी नव्हतो.

“वहिनी, मी ओरडलोच नाही. मी बघतच नव्हतो. खाली वाकून दोर सोडवत होतो.”

तिने माझा पेला पुन्हा भरला.

“तुम्ही, आणि बघत नव्हता? हे म्हणायचे, दुआनदाची पापणीसुद्धा लवत नाही. माझ्या समाधानासाठी स्वतःवर नका घेऊ, भावजी.”

“खरं सांगतोय. उद्याच ऑफिसात लिहून देतो.”

“नको. तुमचं मन मोठं आहे, तेवढं पुरे.” ती आत गेली आणि खारवलेल्या मोहरीच्या पाल्याची बरणी घेऊन आली. “घरी न्या. ह्यांच्याशिवाय इथे कुणी खात नाही.”

मी दोन्ही हातांनी बरणी घेतली.