बांध कुणाचा

विहिरीवरच्या उंबराला अकरा प्रदक्षिणा घातल्याशिवाय राहीबाई चहाला तोंड लावत नसे. त्या दिवशी सातव्या फेरीला पायाखाली गार लागलं. वैशाखात, तिसगावच्या माळावर, चिखल! तिनं चिमूटभर माती उचलून हुंगली. शेणाचा वास.

वर पुतण्या रविराजचा सत्तर गायींचा गोठा आणि शेणपाण्याचं तळं. तळं अडवायला जेसीबीनं नुसता मुरूम ढकललेला. ना दगड लावलेला, ना रोलर फिरवलेला. त्या बांधाच्या पायथ्याशी हिरवट पाणी पाझरत होतं. खाली तिची विहीर, अर्धी वस्ती जिचं पाणी पिते ती. विहिरीखाली बनुबाईचं घर.

उरलेल्या चार फेऱ्या पुऱ्या करून ती गोठ्यावर गेली.

"रविराज, बांध पाझरतोय. पावसाआधी तळं उपस."

"राहीकाकू, तुमी देवाचं बघा. बांधाचं आमी बघू."

आठ दिवस कुणी ढुंकून बघितलं नाही. मग तिनं अर्ज दिला. तलाठी आले, वस्ती जमली. रविराज मोजणीचा नकाशा घेऊन तयारच होता.

"भाऊसाहेब, बांध काकूंच्या गटात हाय. ज्याची जमीन, त्याचा बांध. उद्या फुटला तर माझ्या नावानं बोंब नको."

दोघंतिघं हसले. हद्द ओलांडून मुरूम रविराजनंच टाकला होता, आणि घरचाच पोरगा म्हणून राहीबाई तेव्हा गप्प बसली होती. चूक तिचीही होतीच.

तिचा आवाज कधी चढत नसे. "म्हंजी बांध माझा?"

"तुमचा! लिहून देतो."

"दे."

पंचनाम्यात तसं लिहिलं गेलं. रविराजनं झोकात सही ठोकली.

"आता ऐक," राहीबाई म्हणाली. "पानी तुझं. दोन दिसांत उचल. माझ्या बांधाला टेकून ठिवायचं न्हाई."

रविराज हसत निघून गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी राहीबाईनं बोलावलेला वस्तीवरल्या आसारामचा टँकर नि पंप तळ्यावर लागला. शेणपाणी खत म्हणून आपापल्या रानात टाकून घ्यायला माणसं रांगेत उभी.

"बांधाला कुदळ लावू नगा," राहीबाई बजावत होती. "आदी तळं रिकामं. न्हाईतर समदं बनुबाईच्या चुलीत जाईल."

रविराज गाडीवरून ओरडतच उतरला. "काकू! माझं शेणपानी कुनाला इचारून वाटता?"

"तुझंच हाय की. कुनाच्या रानात गेलं ते आसारामला इचार, जा भरून आन परत."

सगळे खो खो हसले. रविराज पंप बंद करायला धावला, तर राहीबाई पंपाला पाठ लावून खाली बसली. शेजारी बनुबाई बसली, फतकल मारून.

"काकू, भावकीतून तोडीन तुमाला."

"तोड. पन ह्या बटनाला हात लावायचा न्हाई."

दुपारपर्यंत पाणी कमरेइतकं खाली गेलं आणि बांधाच्या आतल्या अंगाला घुशीनं कोरलेलं भोक उघडं पडलं. आसारामनं त्यात हात घातला, तो खांद्यापर्यंत गेला. कुणी हसलं नाही. बनुबाईनं आपल्या घराकडं पाहिलं.

रविराजनं वाकून भोकात बघितलं. "काकू... ते कागदाचं सोडा. बांध माझाच समजा. मी भोक बुजवून घेतो."

"बुजवायचं न्हाई. तळ कोरडा झाला की बांधच पाडायचा. तुला तळं पायजे तर तुझ्या गटात बांध, दगड लावून," राहीबाई म्हणाली, आणि पंपाला टेकलेली पाठ तिनं तसूभरही हलवली नाही.