सुजेवरची साखळी

"अरे, उघड्यावर काय ठेवतोस? बाकावर माणसं बसलीत कीं!" मी म्हटलं आणि शेषूच्या हातातली कागदात गुंडाळलेली बाटली जवळजवळ हिसकावूनच घेतली.

शेषू म्हणजे शेषगिरी, माझा धाकटा भाऊ. छत्तिशीचा बाप्या, उकड्या तांदळाच्या गिरणीत बॉयलरवर सुपरवायझर. पण माझ्या लॅबमध्ये आला की अजून शाळेतल्या पोरासारखा दाराच्या आडोशाला उभा राहतो.

"मज तर लाजच वाटते, अक्का," तो कुजबुजला. "कुंभकोणमवाले हटून बसलेत. नव्या तारखेचा रिपोर्ट पाहिजे म्हणतात. मुलीचा बाप बँकेत आहे ना, त्यास अस्कंच्या अस्कं, बारीकसारीक सगळं, कागदावर पाहिजे. मी म्हटलं, पाच वर्षांमागं सहा कोटी आले होते, आता काय आटणार आहेत?"

आणि तो हसला. मला हसू आलं नाही. त्या सहा कोटी शुक्रजंतूंची खरी गोष्ट जगात एकाच बाईला ठाऊक होती, आणि ती बाई मी. नागलक्ष्मी. तंजावरात डॉक्टर सूर्यनारायणांच्या लॅबमध्ये एकोणीस वर्षं लोकांचं रक्त-लघवी तपासत बसलेली.

"दुपारीच घेऊन ये हां," शेषू म्हणाला. "हनुमंतराव मामा पापनाशमहून येणार अखिलास न्यायला. जायच्या आधी ती वकिलाच्या घटस्फोटाच्या कागदावर सही करणार. तिनं कबूल केलंय. आईनं सगळं ठरवलंय."

"आईनं ठरवलंय. आणि तू?"

"मी काय ठरवूं? लग्नास नऊ वर्षं झाली. तिच्यात दोष आहे, त्यास मी काय करूं?" तो मोपेडची किल्ली बोटावर फिरवत राहिला. मग एकदम त्याचा आवाज चिरकला. "पावम् आहे गं ती, बिचारी. मज फार वाईट वाटतं. देवाशप्पथ."

त्याला खरंच वाईट वाटत होतं. तो खोटारडा असता तर मला सोपं गेलं असतं.

तो गेल्यावर मी बाटलीवर नंबर घातला. वीर्य पातळ व्हायला अर्धा तास द्यावा लागतो. तेवढ्यात दोन मधुमेहवाल्यांचं रक्त काढलं, एका म्हाताऱ्यावर उगीच खेकसले. मग काचेवर थेंब घेतला आणि डोळा लावला.

काही नाही. दुसरी काच. काही नाही. सगळा नमुना यंत्रात फिरवून तळाचा गाळ घेतला. चार-दोन गोल पेशी, बाकी रिकामं. पाच वर्षांपूर्वीही हेच दिसलं होतं. तेव्हा मी भिंगच पुसत बसले होते, जशी काही चूक भिंगाची होती.

चूक कुठली होती ते मला तेव्हाच कळलं होतं. वीस वर्षांपूर्वी मी बावीस वर्षांची होते, तिरुच्चीला हॉस्टेलवर राहून हेच काम शिकत होते. हॉस्टेलात गालगुंडाची साथ आली, ती मी घरी घेऊन आले. आमच्याकडे गाल सुजले की गळ्यात सोनं घालतात. तमिळमध्ये त्या आजाराचं नावच आहे, सोन्यासाठी आलेली सूज. सोनं मिळालं की ती म्हणे समाधानानं उतरते. आईनं स्वतःच्या गळ्यातली दोनपदरी साखळी काढून माझ्या गळ्यात घातली. आठवड्यात मी बरी झाले. मग शेषूचे गाल सुजले, आणि माझ्या गळ्यातली साखळी त्याच्या गळ्यात गेली. तो सोळा वर्षांचा होता, नुकती मिसरूड फुटत होती.

पाचव्या दिवशी त्याला फणफणून ताप आला. पाय फाकून चालायला लागला. मोरीत नेताना मला घट्ट धरून म्हणाला, "अक्का, खालीपण सुजलंय. दोन्हीकडे. आईस सांगू नको. तुज माझी शपथ."

नाही सांगितलं. दोन रात्री ओली फडकी दिली त्याला, बस्स. गालगुंडाची सूज वृषणांत उतरली तर पुढे मूल न होण्याची भीती असते, आमच्या पुस्तकात त्यावर अख्खं पान होतं. बाईंनी वर्गात ते वाचलं नव्हतं, घरी वाचा म्हणाल्या होत्या. मी वाचलं होतं. तरी डॉक्टरकडे नेलं नाही, कारण न्यायचं तर आईला सांगावं लागलं असतं, आणि शरमेपुढे आमच्या घरात सगळं मागे. सूज उतरली. आईनं साखळीला हळदकुंकू लावलं.

म्हणून पाच वर्षांपूर्वी, तो बाहेर बाकावर बसून वाट बघत असताना, मी सहा कोटी लिहिलं. कमी लिहिलं तर पुन्हा तपासा म्हणतील म्हणून भरपूर लिहिलं. माझ्या कागदावर डॉक्टर दुसऱ्यांदा बघत नाहीत, त्यांनी सही ठोकली. मला वाटलं होतं, मूल नसलेली जोडपी काय कमी आहेत? राहतील दोघं सुखानं. किती बावळट असावं माणसानं! मूल नाही म्हटल्यावर लोक कुणाचं तरी पोट तपासायला निघणारच, आणि नवऱ्याच्या हातात सहा कोटींचा कागद असला तर ते पोट कुणाचं, हे मला कळू नये?

अखिलाचं पोट. आधी गर्भपिशवीत रंग सोडून फोटो काढले. तिच्या किंकाळ्या मी दाराबाहेर ऐकल्या. मग बीज वाढवायच्या गोळ्या. त्यांनी तिला मळमळायचं, अंग फुगायचं, आणि आई म्हणायची, खाऊन खाऊन लठ्ठ झाली. मग तिरुच्चीला पोटात दुर्बीण घातली. तीन टाके. शिवाय अठ्ठेचाळीस दिवस अनवाणी प्रदक्षिणा. नात्यात कुणाचं डोहाळजेवण असलं की हिला स्वयंपाकघरात रसम ढवळायला बसवायचं, बाहेर येऊ द्यायचं नाही. बी.ए. झालेली मुलगी, खाली मान घालून रसम ढवळायची.

तिरुच्चीच्या डॉक्टरीणबाई हुशार होत्या. त्यांनी विचारलं होतं, "नवऱ्याला लहानपणी गालगुंड झाले होते का? काम भट्टीजवळचं आहे का? विडी, दारू?" अखिलानं पिशवीतून माझा कागद काढला. प्लॅस्टिकच्या कव्हरात जपून ठेवला होता. "त्यांचा रिपोर्ट फार चांगला आहे, मॅडम," ती म्हणाली. केवढ्या अभिमानानं म्हणाली! मी शेजारच्या खुर्चीवर बसले होते. डॉक्टरीणबाईंनी पुढचे प्रश्न विचारलेच नाहीत.

आता समोर कोरा फॉर्म होता. सहा कोटी लिहायला किती वेळ लागतो? मग कुंभकोणमची ती पोरगी यायची, चोवीस वर्षांची. मग तिच्याही पोटात दुर्बीण.

मी शून्य लिहिलं. डॉक्टरांपुढे कागद ठेवला आणि म्हटलं, "सर, ह्या वेळी आधी भिंगातून बघा."

त्यांनी बघितलं. "काहीच नाही की. कोण आहे?"

"माझा भाऊ. मागचा रिपोर्ट मी खोटा लिहिला होता, सर. तुम्ही सही केलीत."

त्यांनी काच पुन्हा एकदा बघितली. मग सही केली आणि म्हणाले, "सोमवारी माझ्याशी बोला." नोकरी जाणार हे मला कळलं. पण त्या क्षणी खरं सांगायचं तर मला नोकरीची फिकीर नव्हती. अखिलाची सही व्हायच्या आत घर गाठायचं होतं.

घरी पोचले तेव्हा अडीच वाजले होते. तिण्णैवर, म्हणजे आमच्या बाहेरच्या ओट्यावर, अखिलाचे वडील हनुमंतराव बसले होते. रेल्वेतून निवृत्त झालेला सरळ माणूस. हातातली कॉफी निवून गेली होती. शेजारी अखिलाची पत्र्याची पेटी. आईनं पितळी ताटात कागद आणि पेन ठेवलं होतं, आणि त्याच ताटात ती दोनपदरी साखळी. लग्नात तिनं ती अखिलाच्या गळ्यात घातली होती. आज सकाळी काढून घेतली होती, नव्या सुनेसाठी.

अखिला उकिडवी बसून पेनाचं टोपण काढत होती.

"सही करू नको," मी दारातूनच ओरडले. "अखिला, पेन ठेव खाली."

"नागू, काय हे?" आई चिडली. "मुहूर्त बघून बसवलंय तिला."

"चुलीत घाल तुझा मुहूर्त! तिच्यात काही दोष नाही. आधीपण नव्हता. शेषूचा रिपोर्ट शून्य आहे. आज शून्य आहे, पाच वर्षांमागंही शून्य होता. सहा कोटी मी लिहिले. माझ्या हातानं."

शेषू खांबाला टेकून उभा होता. तो हळूहळू खाली बसला.

"वेड लागलं तुज!" आई किंचाळली. "पाठच्या भावास असं बोलतेस? त्यास नामर्द म्हणतेस?"

"नामर्द कोण म्हणतंय? आजार झाला होता त्यास. गालगुंड."

"गालगुंड मी उतरवलं होतं! साखळी घातली होती त्यास!"

शेषूनं मान वर केली. त्याचा चेहरा बघवेना. "अक्का," तो म्हणाला, "मी तुज सांगितलं होतं. आईस सांगू नको म्हणून." जसा काही अजून सोळाचाच होता, आणि मी आत्ताच चुगली केली होती.

मी रडायला लागले. मला रडायचा हक्क नव्हता, पण रडले. "अखिला, मज मार. काय वाटेल ते कर," मी म्हटलं.

अखिला उठली. मला वाटलं, खरंच मारेल. तिनं पदर बाजूला करून बेंबीजवळचा टाका दाखवला. ओरडली नाही.

"हा टाका काढला तेव्हा तुम्ही माझा हात धरून बसला होता, अक्का," ती म्हणाली. "तेव्हा तुम्हांस ठाव होतं?"

"होतं."

"हात फार घट्ट धरला होता तुम्ही. मज वाटलं, ह्या घरात एक माणूस माझं आहे."

ह्याच्यापेक्षा तिनं थोबाडीत मारली असती तर बरं होतं.

"मज तो रिपोर्ट द्या," ती म्हणाली. मी दिला. तिनं तो वाचला, घडी घातली, पिशवीतलं ते प्लॅस्टिकचं कव्हर काढलं, जुना कागद काढून ताटात टाकला आणि नवा आत घातला. वकिलाचा कागद तसाच सहीविना राहिला.

"अखिला," शेषू म्हणाला, "जाऊ नको. आता कशास जातेस? आता तर..."

"आता तर काय?" ती वळली. "काल तुम्हीच पेटी माळ्यावरून काढून दिलीत. आज माझ्यात दोष नाही म्हणून राहूं? आणि असता तर?"

 

तेवढ्यात आई पुढे झाली. हट्टी बाई, उभ्या जन्मात कुणाची माफी मागितली नव्हती, तिला ते येतही नव्हतं. तिनं ताटातली साखळी उचलली आणि अखिलाच्या गळ्याकडे नेली. "घाल गं. ही तुझीच आहे. घाल, आणि आत चल."

अखिला एक पाऊल मागे सरली.

"मज कुठं सूज आलीय, आत्या?" ती म्हणाली.

हनुमंतरावांनी पेटी उचलली. मी एक कडी धरायला गेले, तर अखिलानं माझा हात हळूच बाजूला केला आणि स्वतः धरली. दोघं बापलेक पेटी मध्ये घेऊन उन्हातून गेले. पापनाशमची बस चार वाजता होती, अजून तीनही वाजले नव्हते.

आईच्या हातून साखळी तिण्णैवर पडली होती. शेषू साखळीच्या शेजारी बसून होता. दिवे लागले तरी ती तिथंच होती. आमच्यातल्या कुणीही ती उचलली नाही.