एका घरात दोन मिंडल

"मावशी, तुम्ही मेला होतात तेव्हा कसं वाटत होतं?"

प्रश्न मिंडलचा नव्हता. शाळेमागच्या कठड्यावर सूर्यफुलाच्या बिया फोडत बसलेल्या एडना आणि रुहामा यांनी तो तिच्या गळ्यात मारला होता. "विचारून दाखव! नाही विचारलंस तर आठवडाभर आमची दप्तरं तूच वाहायची, चढावरून!" हैफाचा चढ म्हणजे चेष्टा नव्हे. बंदरापासून वर येताना बकऱ्यासुद्धा मध्येच बसून विचार करतात. शिवाय मिंडल आता चौदा वर्षांची होती, आणि या उन्हाळ्यापासून तिला कशाची म्हणून भीतीच वाटेनाशी झाली होती. तिने विचारून टाकलं.

आईची पळी भांड्यातच थांबली. बाबांनी पटकन वर्तमानपत्राआड तोंड लपवलं. मावशीने मात्र दातांत धरलेल्या साखरेच्या खड्यावरून चहाचा घोट घेतला, सावकाश, आणि म्हणाली, "भूक लागायची बाई. मेलेल्या माणसाला इतकी भूक लागते हे मला कुणी आधी सांगितलंच नव्हतं."

मिंडल खो-खो हसली. आई नाही हसली.

या मावशीचं नावही मिंडलच, आणि सगळा घोळ तिथेच होता. ज्यूंमध्ये जिवंत माणसाचं नाव बाळाला कोण ठेवतं? गेलेल्याचं ठेवायचं, म्हणजे ते घरातून जात नाही. एक्केचाळीस साली आईला निरोप आला होता की धाकटी बहीण ज्या गाडीने पूर्वेकडे पळाली तिच्यावर बॉम्ब पडला, डबा जळाला, कुणी वाचलं नाही. निरोप आणणारा जळका डबा स्वतःच्या डोळ्यांनी पाहून आला होता. मग युद्ध संपलं. आई जर्मनीतल्या निर्वासितांच्या छावणीत बाळंत झाली, आणि मुलगी म्हटल्यावर नाव शोधावंच लागलं नाही. बहिणीच्या मरणाची तिथी माहीत नव्हती, म्हणून अशा सगळ्यांसाठी ठरवलेल्या हिवाळ्यातल्या तेवेत महिन्याच्या दहाव्या दिवशी आई हैफाला आल्यापासून दर वर्षी काचेच्या पेल्यातली मेणबत्ती लावायची. ती जळून संपली की पेला घासून चहाला. असे अकरा पेले फळीवर जमले होते.

आता मावशी त्यांतल्याच एका पेल्यातून चहा पीत होती. चार दिवसांपूर्वी जहाजातून उतरली होती, चाळीस वर्षांची, धडधाकट, पुढचा एक दात सोन्याचा.

तेव्हापासून आईच्या जिवाला घोर. "एका छपराखाली दोन मिंडल! मृत्यूचा दूत यादी घेऊन येतो. त्याला काय कळणार कुठली कोण? यायचा म्हातारीसाठी आणि पोरीला उचलून न्यायचा!"

"म्हातारी कुणाला म्हणतेस गं, पेस्या? तू माझ्याहून चार वर्षांनी मोठी आहेस."

"थट्टा नको. गुरुवारी प्रार्थनागृहातल्या रॅबायकडे जायचं, पोरीचं नाव बदलून आणायचं." मग मिंडलकडे वळून, आवाजात मध घालून, "नुरित ठेवू. तुला हवं होतं ना?"

हवं होतं! तीन वर्षांपूर्वी. वर्गात सगळ्या याएल आणि नुरित, आणि ही एकटी मिंडल, जुन्या गाठोड्यातून काढल्यासारखी. तेव्हा ती आठवडाभर रडली होती, आणि आईने टेबलावर हात आपटून सांगितलं होतं, "हे नाव तुझं एकटीचं नाही!" झालं. मग मिंडलने त्या नावाशी जमवून घेतलं, भांडून घेतलं, नावं ठेवणाऱ्या दोघातिघांना ढकलूनही दिलं. आता कुठे ते अंगाला बसलं, तर म्हणे काढून ठेव.

"हाक मारायचीही पंचाईत झालीय," बाबा वर्तमानपत्रामागून म्हणाले. "चार दिवस या घरात दोघींचं नाव 'अगं ए' आहे. मी ओ देऊ का, तेही कळत नाही."

"लेझर, तू गप्प बस!"

मिंडलने खुर्ची मावशीकडे ओढली. "पण खरंच, तुम्ही जळाला नाहीत ते कसं?"

"आधी ते तुम्ही-तुम्ही बंद कर. मी काय शाळेची मुख्याध्यापिका आहे?" मावशीने पेला खाली ठेवला. "थंडी होती. शेजारच्या बाकावरची स्टेफा म्हणाली, माझा कोट घाल, मी जरा वेळ शालीत बसते. पोलिश मुलगी, शिवणकाम करायची. मग बॉम्ब पडला. मी दवाखान्यात जागी झाले तेव्हा कोटाच्या खिशातल्या कागदांवरून त्यांनी मला स्टेफानिया विल्क करून टाकलं होतं. माझे कागद गाठोड्यात होते. गाठोडं जळलं. स्टेफाही."

"मग सांगायचं ना त्यांना!"

"दोन नावांच्या माणसाला तिथे रशियात हेर म्हणायचे, राणी. पुढे कझाकस्तानात वीटभट्टीवर पाठवलं. अठरा वर्षं. स्टेफा, विटा उचल. स्टेफा, रांगेत राहा. तुझी आई इकडे मिंडलसाठी मेणबत्ती लावतेय, आणि तिकडे मिंडल नावाचं कुणी नाहीच. पोलंडला परत जाऊ दिलं तेव्हा कुठे खरं नाव तोंडातून काढलं आणि तुझ्या आईचा पत्ता लागला." तिने पेला बोटांनी फिरवला. "एकदा भट्टीमागे जाऊन मी स्वतःलाच हाक मारून पाहिली. मिंडल! कुणी ओ दिली नाही. तेव्हा वाटलं बघ, मेल्यासारखं. तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर हे."

मिंडलला हे एडना-रुहामाला सांगता येणार नव्हतं. दप्तरं वाहावी लागली तरी चालेल.

"आणि त्या दिवशी बंदरात," मावशी पुढे म्हणाली, "पेस्याने गर्दीत जिवाच्या आकांताने हाक मारली, मिंडल! माझ्या घशातून आवाजच फुटेना. आणि तू म्हणालीस, 'काय गं आई, इथेच आहे मी!' मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, आहे, कुणीतरी आहे."

भांड्यातलं करपत होतं तरी आई तशीच उभी होती. बाबांनी उठून स्टोव्ह बंद केला.

"पेस्या, एवढीच भीती असेल तर माझं नाव बदल," मावशी अगदी सहज म्हणाली. "गुरुवारी मला ने. स्टेफा म्हणा, काही म्हणा. मला सवय आहे. पोरीचं तिच्याकडे राहू दे."

"अगं पण तो दूत..."

"त्याने युद्धात आपल्या गावात नावं विचारून माणसं नेली का, पेस्या?"

आई खाली बसली आणि तिने बहिणीचा हात धरला. पण तोंडातून नाव काही येईना. ओठ हलत होते, नुसतेच.

मिंडल उठली. खुर्ची मागे पडली, तिने उचलली नाही.

"आई, बाबा, ऐका. मी नुरित होणार नाही आणि मावशी स्टेफा होणार नाही. मी मिंडल, हीसुद्धा मिंडल. हाक मारलीत की दोघी येऊ, आणि एकीला काम असेल तर दुसरी येईल. त्या दूताला शंका असेल तर दारात माझ्याशी बोलू दे. गुरुवारी मला शाळा आहे, मी रॅबायकडे येणार नाही. माझं ठरलंय."